मामाची पोर लंडनला येते तेव्हा



बचत गटाची बैठक म्हटली की हप्ते, व्याज, वहीवर सह्या, आणि कुणाचा हप्ता थकला असेल तर थोडी कुरबूर. गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत आणखी एका गोष्टीची भर पडली. हिशोब संपला की वीस मिनिटं कादंबरी. आमच्यापैकी एकीनं घरी इंग्रजीतून वाचायची आणि बैठकीत आपल्या बोलीत सांगायची. पहिल्या दिवशी दोघी-तिघी म्हणाल्या, “याचा काय उपयोग? एवढ्यात भाकऱ्या होतील.” त्याच दोघी-तिघी पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याला गडकोट, घोडे, तलवारी आठवतात, आणि शेवटी डोळ्याला पदर लागतो. पण इतिहासातली प्रेमकथा हसवणारीही असते. आम्ही निवडलेलं पुस्तक तसंच होतं. नाव ‘द ग्रँड सोफी’, लेखिका जॉर्जेट हेयर, छापलं गेलं १९५० साली. या बाईंचा जन्म १९०२ चा, इंग्लंडातला. पहिली गोष्ट त्यांनी आजारी धाकट्या भावाचा वेळ जावा म्हणून रचली होती. तीच पुढे १९२१ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक म्हणून आली.

सोफीची गोष्ट घडते वॉटर्लूच्या लढाईनंतर लगेच, म्हणजे १८१५ नंतरच्या लंडनमध्ये. तेव्हा इंग्लंडचा राजा आजारी होता आणि राजपुत्र कारभार पाहत होता. आपल्याकडे त्याच सुमारास पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि पेशवाईची शेवटची वर्षं चालली होती. हे सांगितलं की मग तो काळ परका वाटत नाही.

आता गोष्ट ऐका. सोफीला आई नाही. वडील सरकारी कामानं देशोदेशी फिरणारे. त्यांना ब्राझीलला जायचं असतं, म्हणून ते लेकीला लंडनला आपल्या बहिणीकडे, म्हणजे सोफीच्या आत्याकडे ठेवतात. आत्याला वाटतं, बिचारी पोरकी पोर येणार. दारात उभी राहते ती उंचपुरी, धीट मुलगी, आणि तिच्याबरोबर एक माकड, एक पोपट, एक कुत्री आणि एक दांडगा घोडा!

आत्याच्या घरात मात्र हसू उरलेलं नसतं. आत्याच्या नवऱ्यानं जुगारात कर्ज करून ठेवलेलं. थोरला मुलगा चार्ल्स याला एका नातेवाइकाचा पैसा मिळाला, त्यातून त्यानं ते फेडलं, आणि तेव्हापासून घर त्याच्या धाकात. त्याचं लग्न ठरलंय ते सगळ्यांना उपदेश करणाऱ्या एका मुलीशी. बहीण सिसिलिया एका देखण्या कवीवर भाळलेली. कवी असा, की कवितेच्या नादात त्याला बाकी कशाचं भान नाही. सोफी एकेकाची गाठ सोडवायला घेते, आणि तिच्या प्रत्येक युक्तीनं आधी जास्त गोंधळ होतो.

शेवटी सोफी आणि चार्ल्सचं जमतं. हे ऐकल्यावर आमच्यातली एक आजी म्हणाल्या, “त्यात काय, मामाचीच पोर की!” खरंच, चार्ल्सच्या बाजूनं पाहिलं तर सोफी मामाची मुलगी. अर्जुनाला सुभद्राही मामाचीच. किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘संगीत सौभद्र’ नाटकात कृष्ण जसा गालातल्या गालात हसत सगळी सूत्रं हलवतो, तसं इथं सोफी करते. फरक इतकाच, की इथं सूत्रं हलवणारीच नवरी आहे.

मग या वाचनात मजा कशाची? आम्हाला तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, शेवट गोड होणार हे आपल्याला माहीत असतं. आपल्या रोजच्या जगण्यात ती खात्री कुठे असते? पाऊस येईल की नाही, भाव मिळेल की नाही, सगळीच धाकधूक. इथं जीव टांगणीला लागत नाही. ‘काय होणार’ यापेक्षा ‘कसं होणार’ यात मन रमतं.

दुसरी, जुन्या काळाचे कडक नियम. कुणी कुणाशी किती वेळा नाचायचं, एकटीनं कुठे जायचं नाही, बग्गी कोणी हाकायची. नियम जितका कडक, तितकी तो मोडण्याची गंमत जास्त. आणि हसता हसता खरा इतिहास कळतो. त्या काळी इंग्लंडात लग्न झालं की बाईच्या पैशाअडक्यावर कायद्यानं साधारणपणे नवऱ्याचाच हक्क असे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते बदललं. म्हणून त्या गोष्टीतल्या लग्नाच्या थट्टेला धार आहे. चुकीचा नवरा म्हणजे सगळंच गेलं. यावरून आमच्यात वडिलोपार्जित जमिनीतला लेकीचा बरोबरीचा वाटा निघाला, जो महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात आणला. त्या दिवशी बैठक तासभर लांबली.

तिसरी, हसताना जड विषय हलका होतो. चार्ल्सचा धाकटा भाऊ ह्युबर्ट सावकाराच्या तावडीत सापडतो. घरात कुणाला सांगायची हिंमत नाही. सोफी त्याच्याकडून सगळं काढून घेते, स्वतःचे कानातले विकून पैसे उभे करते आणि एकटी सावकाराच्या दारात जाते. त्याला सांगते, मुलगा एकवीस वर्षांचा नाही, कायद्यानं अज्ञान आहे, तेव्हा मुद्दल घ्या आणि कागद परत द्या, व्याज मिळणार नाही. तो दमदाटी करतो तेव्हा ती पिस्तूल काढते. टाळ्याच टाळ्या!

टाळ्या थांबल्यावर आमच्यातली एक ताई मात्र गप्प होती. थोड्या वेळानं म्हणाली, “माझ्या पोरानंही कोऱ्या कागदावर सही करून दिलीय.” वर्षभर ती दुधाच्या पैशातून गुपचूप व्याज भरत होती. दर महिन्याला आमच्या शेजारी बसायची, पण बोलली नव्हती. ‘कर्ज’ या विषयावरची आमची दोन प्रशिक्षणं झाली होती, तरी बोलली नव्हती. ह्युबर्टच्या फजितीवर सगळ्या हसल्या आणि कुणी त्याला वाईट म्हटलं नाही, तेव्हा तिला बोलता आलं.

आपल्याकडे २०१४ च्या सावकारी कायद्यानं परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. पिस्तूल नको, आपली वही आणि सोबत दहा जणी पुरेत. ताईंबरोबर आम्ही तालुक्याला गेलो. प्रकरण अजून चालू आहे, पण आता ती एकटी नाही.

एक खुपणारी गोष्टही सांगायला हवी. लेखिकेनं तो सावकार ज्यू दाखवला आहे आणि त्याचं वर्णन त्याच्या समाजाला हिणवणारं केलं आहे. हिटलरच्या राजवटीनं सुमारे साठ लाख ज्यू मारले, ते थांबून पाचच वर्षं झाली होती. तिथं आम्ही हसलो नाही. जातीवरून काढलेला चिमटा कसा लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सावकाराच्या लबाडीवर हसावं, त्याच्या जन्मावर नाही. चांगलं पुस्तकसुद्धा पारखून घ्यावं, जसं आपण तांदूळ निवडून घेतो. खडा काढायचा, तांदूळ टाकायचा नाही.

तुमच्या गटात हे करायचं असेल तर सोपं आहे. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयातून एक हलकीफुलकी कादंबरी आणा. आधी हिशोब, मग गोष्ट. वाचता येणारीनं वाचावं, बाकीच्यांनी शेंगा सोलत, वाती वळत ऐकावं. ऐन रंगात आली की थांबावं, म्हणजे पुढच्या बैठकीला हजेरी पूर्ण. आणि शेवटी एवढंच विचारावं, आज आपण कुणाला हसलो, आणि का?

बाई हसत वाचत बसली की घरात कुणीतरी विचारतंच, “काम नाही का?” सांगा त्यांना, काम झालंय, आता गोष्ट चाललीय.