संगणकीय पुरावा आणि कलम ६५-ब : कायदा व माहिती तंत्रज्ञान यांच्या परस्परसंबंधाचा एक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञान पुढे जाते आणि कायदा त्याच्यामागून येतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. येथे कायद्याने एका विशिष्ट काळातील यंत्राचे चित्र आपल्या शब्दांत बांधून ठेवले; यंत्र बदलले, शब्द तसेच राहिले, आणि दोहोंमधील अंतर भरून काढण्यात न्यायालयांची वीस वर्षे गेली. प्रस्तुत लेखात भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील कलम ६५-ब च्या आधारे या प्रक्रियेचा परामर्श घेतला आहे.

कलमाची पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला व त्याद्वारेच पुरावा अधिनियमात कलमे ६५-अ आणि ६५-ब समाविष्ट झाली. मूळ दस्तऐवज हजर करावा, ते शक्य नसेल तरच नक्कल चालावी, हे पुराव्याचे जुने तत्त्व होय. संगणकातील नोंद मात्र न्यायालयात येते ती बहुधा मुद्रित प्रत किंवा सीडी या स्वरूपात. अशी प्रत ग्राह्य धरण्यासाठी संगणक त्या काळात नियमित वापरात असावा, तो नीट चालत असावा आणि माहिती नेहमीच्या कामकाजात त्यात भरली जात असावी, अशा अटी कलमाने घातल्या. त्याबाबतचे प्रमाणपत्र यंत्राची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीने सहीनिशी द्यावयाचे होते.

या अटी वाचताना डोळ्यांपुढे येतो तो बँकेच्या अथवा सरकारी कचेरीच्या एखाद्या खोलीतील, एका अधिकाऱ्याच्या ताब्यातील संगणक. हे चित्रही उसनेच होते. कलमाची शब्दरचना इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा अधिनियमातील कलम ५ वर बेतलेली आहे, आणि ती तरतूद इंग्लंडने १९९५ च्या अधिनियमाद्वारे रद्द केली होती. जन्मदात्या देशाने टाकलेला अंगरखा भारतीय कायद्याने पाच वर्षांनी अंगावर चढविला.

जालन्याचे प्रकरण

संसदेवरील २००१ च्या हल्ल्याच्या खटल्यात (नवज्योत संधू, २००५) सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीच्या नोंदी प्रमाणपत्राशिवाय ग्राह्य मानल्या. अन्वर वि. बशीर (२०१४) या निर्णयात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. पुढे २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणी दोन न्यायमूर्तींनी, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही अशा पक्षकाराला त्यातून सूट दिली.

हा विरोध मिटला तो महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ ची निवडणूक २९६ मतांच्या फरकाने ठरली. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीननंतर, म्हणजे मुदत संपल्यावर दाखल झाले, असा याचिकाकर्त्यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांनी तो सारा प्रसंग टिपलेला होता. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या. प्रमाणपत्र मात्र पुन्हा पुन्हा मागूनही मिळाले नाही. ज्यांच्या कार्यपद्धतीवरच आक्षेप होता, त्याच यंत्रणेच्या सहीवर पुरावा अडलेला होता. कलमाच्या रचनेतील खरे वैगुण्य येथे उघड होते. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष प्रमाणपत्राच्या जागी पुरेशी मानून निवडणूक रद्दबातल ठरविली.

अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास कुशनराव गोरंट्याल या अपिलात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. प्रमाणपत्र अनिवार्यच असून तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केल्यास मात्र त्याची गरज नाही. तथापि पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही. अपील फेटाळले गेले. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती, ही बाब नमूद करणे भाग आहे. याच निर्णयात दूरसंचार कंपन्यांनी तपासकाळातील नोंदी स्वतंत्रपणे जपून ठेवाव्यात असे निर्देश दिले गेले. म्हणजे माहितीची साठवण कशी व्हावी, हेही आता न्यायालय सांगू लागले.

नवा अधिनियम व हॅश मूल्य

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. दोन्ही भागांत अभिलेखाचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. हॅश मूल्य म्हणजे एखाद्या फाइलमधील संपूर्ण माहितीवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून मिळणारा ठरावीक लांबीचा अंक. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी हा अंक पूर्णतः वेगळा येतो. हॅश घेतल्यानंतर फेरफार झाला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. हॅश घेण्यापूर्वी काय घडले, याविषयी ते मूक असते. हा भेद वकिलीच्या व्यवहारात अनेकदा विसरला जातो.

जुनी चूक येथे नव्या रूपात डोकावते. प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ व एमडी-५ या पद्धतींची नावे आहेत. यांपैकी एमडी-५ मध्ये दोन भिन्न फाइलींचे एकच मूल्य काढता येते हे २००४ मध्ये, तर एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये प्रत्यक्ष सिद्ध झाले होते. नमुन्यात 'अन्य' असा रकाना ठेवलेला आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ कोण, याची व्याख्या मात्र कलम ६३ मध्ये नाही. मोबाइलमधील एखादा संदेश घेऊन तालुका न्यायालयात येणाऱ्या पक्षकाराला आता यंत्रधारकाच्या सहीबरोबर या तज्ज्ञाची सहीही मिळवावी लागते.