आळंदच्या बाजारातले वीस हजार घोडे

अफनासी निकितिन मराठी वाचकाला भेटतो तो चौलच्या बंदरात, फार तर जुन्नरच्या गढीत. 'परदेसी' (१९५७) सिनेमाने त्याची गाठ नर्गिसशी घालून दिली, रेवदंड्याला त्याचं स्मारकही उभं राहिलं. पंधराव्या शतकातल्या, त्वेरच्या या रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांतला एक बाजार मात्र बरीच वर्षं माझा पिच्छा पुरवतो आहे. तो बाजार आळंदचा. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे आळंद वारकऱ्यांना राघव चैतन्यांमुळे ठाऊक असतं. निकितिन लिहितो की शेख अलाउद्दीनच्या स्मरणार्थ तिथे वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो, सगळा मुलूख खरेदी-विक्रीला लोटतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात. त्याच्या मते हिंदुस्थानात याहून सरस बाजार नाही. आळंदचा लाडले मशायख दर्गा आजही गजबजलेला असतो. त्या अवलियाचं नाव अलाउद्दीन अन्सारी.

एवढे घोडे या काळ्या रानात आले कुठून, हे कळायला निकितिनच्या मागोमाग वाळवंटातून यावं लागतं. व्होल्गाच्या मुखाशी, अस्त्राखानजवळ, तातारांनी त्याला लुटलं. रिकाम्या हाताने घरी परतलं तर सावकार दारात, म्हणून तो पुढेच निघाला. कास्पियन ओलांडून इराण, मग काशान, नाईन, यझ्द, सिर्जान, तारुम, लार आणि शेवटी होर्मुझ. वाळवंटाचं वर्णन तो जवळजवळ करतच नाही. कुठे महिनाभर मुक्काम पडला, कुठे काय भाव होता, एवढंच टिपतो. यझ्दला महिना काढला. तारुमला गुरांना खजूर चारतात, त्याचा भावही दिला आहे. होर्मुझला जगभरचा माल मिळतो, पण दहावा हिस्सा जकातीत जातो. होर्मुझहून जहाजाने तो चौलला उतरला, तेव्हा त्याच्याजवळ एक घोडा होता.

पुढची जुन्नरची हकिगत सर्वांना माहीत आहे. तिथल्या असदखान या सरदाराने घोडा काढून घेतला, मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार मोहरा असं आमिष दाखवलं, आणि एका खोरासानी अधिकाऱ्याच्या रदबदलीने तो परत मिळाला. बहमनींच्या राजधानीत, बिदरला, नाताळात तो विकेपर्यंत निकितिनने त्याला वर्षभर पोसलं होतं आणि त्यावर ६८ नाणी खर्च झाली होती. या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात, असं तो नोंदवतो. घोड्यांना हरभरे घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही त्यानेच सांगितलं आहे. ज्या मुलखातला कुणबी उघडावाघडा आहे असं तो लिहितो, त्याच मुलखातली ही खिचडी. सरदार चांदीच्या पालखीतून निघाला की पुढे सोन्याच्या साजाचे वीस घोडे चालत.

बहमनी आणि विजयनगर यांच्या झुंजीत घोडदळाला पर्याय नव्हता. विजयनगरचे घोडे गोवा-भटकळकडून येत, बहमनींचे चौल-दाभोळकडून. म्हणूनच बिदरचा कारभार ज्याच्या हाती होता तो महमूद गावान मूळचा गिलानचा व्यापारी होता आणि त्याचा किताब होता मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा मुखिया. निकितिनच्या हिशेबाने त्याच्या पागेत दोन हजार घोडे होते आणि त्यातले हजार रात्रंदिवस खोगीर चढवून तयार असत.

निकितिन बिदरला नेमका कधी होता, यावर रशियन अभ्यासकांत वाद आहे. एकोणिसाव्या शतकात स्रेझनेव्स्कीने हा प्रवास १४६६ ते १४७२ असा धरला. सेम्योनोवने रमजान आणि ईस्टरच्या नोंदी ताडून तो १४७१ ते १४७४ या काळात भारतात होता असं मांडलं. मी सेम्योनोवच्या बाजूचा आहे. समुद्रावर लूटमार करणारी दोन शहरं मलिक-उत्-तुज्जारने दोन वर्षं वेढा देऊन घेतली आणि अफाट लूट आणली, असं निकितिन लिहितो. हे गावानच्या कोकण-गोवा मोहिमेशी जुळतं, आणि गोवा पडलं ते १४७२ मध्ये. तारखा अशा धरल्या तर गावानचा मदरसा बांधला जात होता तेव्हा हा माणूस बिदरच्या बाजारात फिरत होता.

वीस हजार हा आकडा फुगवलेला असेल का? सैन्याची संख्या सांगताना निकितिनचा हात सैल सुटतो, तिथे तो ऐकीव माहितीवर विसंबतो. पण वर्षभर स्वतःच्या खिशातून घोडा पोसलेला माणूस घोडेबाजाराबद्दल गाफीलपणे बोलणार नाही. आकडा थोडा कमीजास्त करा, बाजार तेवढाच मोठा राहतो.

इराणकडून येणाऱ्या या वाटेने घोड्यांबरोबर पाण्याची विद्याही आली. बिदरच्या नौबाद भागात बहमनी काळातलं करेझ आहे. जमिनीखालचा हा बोगदा पाणी वाहून नेतो आणि ठरावीक अंतरावर त्याला उभे झरोके आहेत. यझ्दची तहान ज्या युक्तीने भागत आली, तीच ही युक्ती. बिदरचं पठार जांभ्या दगडाचं, खाली काळा पाषाण. जांभ्यात मुरलेलं पाणी पाषाणावर अडतं, आणि इराणी कारागिरांनी नेमकं तेच हेरलं. बिदरजवळच्या अष्टूरची चौखंडी ही समाधी ज्या सूफी खलीलुल्लांची, त्यांचं घराणंही वाळवंटाच्या काठावरच्या माहान-किरमानचंच.

निकितिनचा धंदा मात्र बुडाला. आपल्या देशाच्या कामाचा माल इथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात जबर आणि समुद्रात चाचे फार, असं वैतागून तो लिहितो. परतताना स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. त्याच्या वह्या १४७५ मध्ये मॉस्कोच्या दरबारी लेखनिकाकडे पोहोचल्या, आणि पुढे इतिहासकार करमझिनला त्यांची प्रत त्रोइत्स-सर्गियेव मठात सापडली.

आपण चौलचा इतिहास किनाऱ्यावर संपवतो. चौलला उतरलेल्या घोड्याचं मोल ठरायचं ते घाटावर, बिदर-आळंदकडे, आणि हा मुलूख आज राज्याच्या सीमेपलीकडे आहे म्हणून मराठी अभ्यासकाने तो सोडून द्यावा हे काही पटत नाही. सोलापूरहून कलबुर्गीला निघालात तर वाट थोडी वाकडी करून आळंदला जा. तिथून बिदरला जाऊन नौबादचं करेझ पाहा, आणि मग चौलचा इतिहास पुन्हा वाचायला घ्या.