नांगर

मोर्शीपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तेथील मुलास 'नांगर' म्हटला की काळ्या रानातला नांगरच आठवावा, हे स्वाभाविक होय. अशा मुलाने 'जहाजाने मुंबई बंदरात नांगर टाकला' हे वाक्य वाचले, तर पाण्यात कोणते शेत नांगरावयाचे, असा प्रश्न त्यास पडेल.

मराठीत ही दोन्ही साधने नांगरच. शेताच्या नांगराचे नाव संस्कृतातील 'लांगल' या शब्दावरून आले. जहाजाच्या नांगरास फारसीत व हिंदीत 'लंगर' म्हणतात. नावे जवळ आली, आणि कामही काहीसे जवळचेच. जहाजाच्या नांगरास लोखंडी नख्या असतात. साखळी लांब सोडली म्हणजे ओढ आडवी बसते व त्या नख्या तळाच्या चिखलात अधिकाधिक रुततात. साखळी आखडून सरळ वर ओढली की त्या सुटतात. शेतातला फाळही असाच भुईत शिरतो; मात्र बैल त्यास पुढे ओढीत नेतात. मागे उमटणाऱ्या रेषेस तास म्हणतात. घड्याळाचा तास निराळा! संस्कृतात या रेषेचे नाव 'सीता'. भूमी नांगरताना जनकास सापडलेल्या कन्येचे नाव त्यावरूनच पडले.

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पूर्वी नांगर दरवर्षी फिरत नसे. हरळी, कुंदा यांसारखे खोल मुळांचे गवत माजले म्हणजे तो बाहेर निघे; एरवी वखर पुरे होई. आता पुष्कळ शेतांत ट्रॅक्टर आला आहे, पण त्याच्या मागे जोडलेल्या लोखंडी साधनासही लोक नांगरच म्हणतात.

याच साधनाने गावे उजाडही केली. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला. या भूमीवर पुन्हा कोणी वस्ती करू नये, अशी ती खूण होती. शाप म्हणून फिरलेल्या त्या नांगराचे भय लोकांच्या मनातून काढावयाचे तर उपायही नांगराचाच हवा. पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजींच्या हस्ते तेथे सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला, अशी कथा सांगतात. पुणे पुन्हा वसले. 'गाढवाचा नांगर फिरविणे' हा वाक्प्रचार मात्र भाषेत राहिला.

इंग्लंडात तर नांगर आकाशातही आहे. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या सात ताऱ्यांना तेथील लोक नांगर म्हणतात. चौघांचा चौकोन आणि तिघांचा वाकलेला दांडा, अशी त्यांची मांडणी आहे. वैशाखात, रानात नांगरट चालू असते त्या दिवसांत, मोर्शीतही रात्र पडताच ते उत्तरेस उंच दिसतात.