घोड्याच्या गळ्यातील गाठ

माळेगावच्या यात्रेतला घोड्यांचा बाजार तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. म्हाताऱ्या घोड्याच्या गळ्यावर, स्वरयंत्राच्या जरा खाली हात फिरवला, तर कधी कधी एका बाजूस कातडीखाली सरकणारी गाठ लागते. ही बहुधा अवटु ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची असते. ती निरुपद्रवी, की कर्करोगाची? ज्याचे पोट त्या घोड्यावर चालते, त्याला हे कळायला हवे. पण नुसत्या बोटांना ते सांगता येत नाही.

परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या विकृतिशास्त्र विभागात गाठीचा तुकडा येतो तो फॉर्मॅलीनच्या बाटलीत. त्यामुळे तो कुजत नाही. मग त्यातले पाणी काढून तो पॅराफीन मेणात बसवतात आणि मायक्रोटोम यंत्राने ४-५ मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात. हा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसेल? जवळजवळ काहीच नाही! पेशी रंगहीन असतात.

म्हणून अभिरंजन करायचे. हीमॅटॉक्सिलीन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. रंगारी कापडाला तुरटी लावतो ना, तशीच येथेही तुरटी लागते. पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसीनने बाकीचा भाग गुलाबी होतो. निरोगी ग्रंथीत गोल पुटके आणि त्यांत गुलाबी कलिल दिसते. गाठीभोवतीचे कवच शाबूत असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. म्हाताऱ्या घोड्यांत बहुतेक गाठी अशाच असतात. पेशी कवच फोडून रक्तवाहिनीत शिरलेल्या दिसल्या, की मात्र कर्करोग.

पण गाठ कोणत्या पेशींची? पुटकांच्या पेशी थायरोग्लोब्युलीन बनवतात, त्यांच्या शेजारच्या 'सी' पेशी कॅल्सिटोनीन. गाठीत दोन्ही कधी कधी सारख्याच दिसतात. येथे प्रतिपिंडे कामी येतात. १९४१ मध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. आता बहुधा विकर जोडतात, आणि प्रतिपिंड चिकटेल तेथे तपकिरी रंग उमटतो. कॅल्सिटोनीनचे प्रतिपिंड लावून काप तपकिरी झाला, तर गाठ 'सी' पेशींची.

आणि रंग उमटलाच नाही तर? कदाचित द्रावणच खराब झाले असेल! म्हणून प्रत्येक वेळी निरोगी अवटु ग्रंथीचा एक काप सोबत रंगवतात. त्यातल्या 'सी' पेशी तपकिरी झाल्या असतील, तरच गाठीच्या कोऱ्या कापावर विश्वास ठेवायचा.