माळ्यावरच्या स्प्रिंगा

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर बांधायच्या माटोळीची चौकट खाली काढायला धाकटा दीर माळ्यावर चढला आणि वरूनच ओरडला, “वहिनी, हे काय ठेवलंय? तोफ?”

गोणपाटात गुंडाळलेली ती तोफ म्हणजे माझ्या पोलोचा कंपनीचा सायलेन्सर. शेजारी सुतळीने बांधलेल्या चार स्प्रिंगा आणि एअर फिल्टरचा काळा डबा. हे सगळं ज्याने काढलं, त्या गॅरेजवाल्यानेच बजावलं होतं, “बाय, भंगारात घालू नका. परत लागतील.” मला तेव्हा राग आला होता. लग्नाच्या मांडवात कुणी काडीमोडाची गोष्ट काढावी, तसा.

मी म्हापशात एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि राहते पेडणे तालुक्यात, विर्नोड्याला. रोज धारगळवरून कोलवाळचा पूल ओलांडून जायचं आणि संध्याकाळी परतायचं. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत म्हापशात शिरायलाच जीव मेटाकुटीला येतो. अशा बाईने एक लिटरची टर्बो पोलो का घ्यावी, असं घरात सगळ्यांनी विचारलं. उत्तर एवढंच की मला गाडी चालवायला आवडते. पोलो पुण्याजवळच्या चाकणला बनायची. माझी 2021 ची, सहा गिअरची. 110 पीएस ताकद, 175 न्यूटन-मीटर टॉर्क. पुढच्याच वर्षी कंपनीने भारतातली पोलो बंद केली.

पहिलं वर्ष सुखात गेलं. मग डिचोलीचा भाचा आला, बोनेट उघडून आत बघितलं आणि म्हणाला, “मावशी, कंपनीने हिला झोपवून ठेवलीय.”

हे वाक्य अशा गाड्यांच्या प्रत्येक मालकाच्या कानावर कधी ना कधी पडतं, आणि ते पुरतं खोटंही नाही. टर्बो इंजिनात हवा किती दाबाने कोंबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कुठल्या क्षणी पाडायची, हे सगळं एका छोट्या संगणकातला प्रोग्राम ठरवतो. तो बदलला की त्याच इंजिनातून जास्त जोर निघतो. त्याला रीमॅप म्हणतात. कंपनी स्वतःही हेच करते: जवळजवळ हेच एक लिटरचं टीएसआय इंजिन तिच्याच टायगन गाडीत 115 पीएस आणि 178 न्यूटन-मीटर देतं. मग जोर राखून का ठेवायचा? कारण तोच प्रोग्राम राजस्थानच्या मे महिन्यात चालायला हवा आणि लडाखच्या विरळ हवेतही. आडगावच्या पंपावरचं पेट्रोल त्याला पचलं पाहिजे, धुराचे नियम पाळले पाहिजेत, आणि वॉरंटी संपेपर्यंत गाडी परत दारात येता कामा नये. भाचा ज्याला झोप म्हणतो, त्याला आमच्या पतसंस्थेत राखीव निधी म्हणतात.

रीमॅपला माझा हात आखडला. बाकीचं मात्र हौसेने केलं. गाडी 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, उघडा कोनासारखा एअर फिल्टर, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर.

स्प्रिंगांनी गाडी देखणी झाली, हे कबूल करते. चाक आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी भरली आणि ती मांजरासारखी दबा धरून बसल्यासारखी दिसू लागली. वळणावर कलायचीही कमी. पण स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर-खाली व्हायला जागाही तेवढीच कमी उरते. खड्ड्यात चाक वर आलं की शॉकअप शेवटच्या रबरावर आदळतो, आणि तो दणका थेट पाठीच्या मणक्यात. आमच्या गोव्यात रम्बलर नावाचं एक प्रकरण आहे, रस्त्यावर ओळीने घातलेल्या पट्ट्या. पूर्वी मी ते मोजत नसे. स्प्रिंगा बदलल्यावर घर ते म्हापसा एकूण एक पट्टी पाठ झाली. देवळाकडच्या गतिरोधकावर तर गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवून न्यावी लागे. तरी एकदा पोट घासलंच. त्या खरवडण्याचा आवाज मला अजून दाढेत जाणवतो.

भाच्याला सतरा इंची चाकंही हवी होती. तिथे माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. माझा टायर 195/55 आर 16. म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 55 टक्के, म्हणजे 107. तो सुचवत होता तो 205/45 आर 17, त्याची भिंत 92. दगड आणि अलॉय व्हील यांच्यामध्ये जे रबर-हवेचं गादीसारखं अंतर असतं, त्यातले 15 मिलिमीटर गेले. रुंदीकरणात वर्षानुवर्षं अडकलेल्या महामार्गावर रोज जाणाऱ्या माणसाने हे 15 मिलिमीटर कुणालाही देऊ नयेत.

एअर फिल्टरची गंमत वेगळी. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा नळीने ओढतो. उघडा कोन बोनेटखालचीच तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी. म्हणजे म्हापशाच्या गर्दीत रांगत असताना माझी गाडी आधीपेक्षा सुस्त झाली होती, फक्त फुसफुसायची जास्त, आणि त्या आवाजाला मी ताकद समजत होते. जुलैत एकदा रस्त्यावरून पाणी वाहत होतं. पुढची रिक्षा निघून गेली आणि मी मागे फिरले. फिल्टर आत कुठे, किती खाली बसवलाय, हे मला ठाऊक होतं. इंजिनात पाणी शिरलं तर ते हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या विम्यात बहुधा येतच नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

सायलेन्सरचा निकाल सासूबाईंनी पहिल्याच दिवशी लावला. अंगणातून म्हणाल्या, “सायलेन्सर फुटलो गे तुजो!” त्यांना वाटलं, दुरुस्तीचा खर्च आला. सुरुवातीचे चार दिवस मला तो आवाज गोड वाटला. पण ऐंशीच्या वेगाला, सहाव्या गिअरमध्ये, नळीतली हवा आणि गाडीचा पत्रा मिळून एक सलग घुमणारा सूर लावत. तंबोऱ्याची एकच तार कुणी तासभर कानाशी छेडावी तसा. नेमका तोच सूर मारण्यासाठी कंपनीचे लोक त्या कुरूप डब्याच्या पोटात कप्पे घालतात.

कायदाही मी उशिराच वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडी मूळ बनावटीपेक्षा वेगळी करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या.

पण आनंद नसतो असं मी म्हणणार नाही. भाच्याने स्वतःची टर्बो गाडी रीमॅप करून घेतली आणि एका रविवारी मला केरीवरून चोर्ला घाटात नेलं. चाक माझ्या हातात दिलं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटली. मी मोठ्याने हसले. पन्नाशीला टेकलेली बाई घाटात एकटीच हसतेय, भाचा बघतोय. चढ वाढला, मी पाचवा टाकला, पुन्हा पाय दाबला. या वेळी इंजिनाचा काटा सरसर वर गेला, आवाज चढला, पण वेगाचा काटा जागच्या जागी. मग एक जळकट वास. क्लच घसरत होता. इंजिनाचा जोर वाढवला, पण तो चाकांपर्यंत नेणारी तबकडी तीच जुनी, जुन्याच जोराच्या हिशेबाने बनवलेली. परतताना भाचा गप्प होता. मी तरी काय बोलणार!

खरं तर कारखान्यानेच हे काम करावं अशी माझी आवड आहे. कार्लो अबार्थने 1949 मध्ये कंपनी काढली ती छोट्या फियाटना तिखट करण्याच्या आणि सायलेन्सर विकण्याच्या जिवावर. पुढे फियाटनेच ती विकत घेतली. 2015 मध्ये अबार्थ पुंटो आपल्याकडे आली, पुण्याजवळच्या रांजणगावची, 145 अश्वशक्तीची. ती साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली होती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. जोर वाढवला तर थांबण्याची सोयही वाढवली. गॅरेजातल्या यादीत हे दुसरं कलम शेवटी येतं, तेही पैसे उरले तर. ऐंशीऐवजी शंभरवर असताना ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा 56 टक्के जास्त असते, ती वर्गाच्या हिशेबाने वाढते.

एक पावसाळा संपला आणि मी त्याच गॅरेजात गेले. तो काही बोलला नाही, नुसता हसला. माळ्यावरचं सामान खाली आलं, गाडीचं सामान माळ्यावर गेलं. काही गोष्टी मात्र वेगळ्या केल्या: मूळ मापाचेच, पण ओल्या रस्त्याला घट्ट धरणारे टायर आणि चांगले ब्रेक पॅड. शिवाय दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. ते हवेतला दमटपणा शोषतं आणि मग घाटात लवकर उकळतं, आणि दमटपणाची आपल्याकडे ददात नाही. या तीन गोष्टींनी माझी गाडी जितकी चपळ झाली तितकी त्या मोठ्या तोंडाच्या सायलेन्सरने कधी झाली नव्हती. रस्त्यात वळून मात्र कुणी बघत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. त्याच्या मित्राने पोलो घेतलीय, त्याला खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा हव्यात, मावशीच्या आहेत ना पडून? आहेत, म्हटलं, तीन माळ्यावर आहेत. चौथी सासूबाईंनी तुळशीकडे नेलीय, तिच्यावर चिमण्यांच्या पाण्याचं मातीचं भांडं अगदी घट्ट बसतं. ती हवी असेल तर त्यांच्याशी बोल.