खिडकीवरचा छज्जा किती पुढे हवा?

कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्याकडेची नवी घरे जरा निरखून पाहा. खिडकी कोणत्याही दिशेची असो, तिच्यावरचा छज्जा किंवा पत्रा बहुधा दोनच फूट पुढे आलेला दिसेल. चारही बाजूंना एकच माप! जणू काही सूर्य घराभोवती दिवसभर एकाच उंचीवरून फिरतो. तुमच्या घरी शेड बसवण्याचा विचार चालू असेल, तर माप देण्यापूर्वी एक प्रयोग करा. त्याला साधी फूटपट्टी पुरे.

मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर ३० सेंटीमीटरची पट्टी काटकोनात आडवी धरा. तिच्या टोकाची सावली भिंतीवर किती खाली पडते ते मोजा. ती सुमारे २० सेंटीमीटर भरेल. मग दोन फुटांचा, म्हणजे ६० सेंटीमीटरचा छज्जा किती भिंत झाकील? अवघी ४० सेंटीमीटर! खिडकी १२० सेंटीमीटर उंच असेल, तर तिचा दोन-तृतीयांश भाग उन्हातच राहणार. ती पूर्ण झाकायची तर छज्जा सहा फूट हवा. साडेपाचला पुन्हा मोजा. आता सावली ११ सेंटीमीटरवर आलेली असेल आणि हिशेब जवळजवळ अकरा फुटांवर जाईल.

दक्षिणेकडे मात्र हेच दोन फूट छान काम करतात. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके १९ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहेत. २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश उंच असतो, त्यामुळे ती खिडकी पूर्ण सावलीत जाते. डिसेंबरात तो ४८ अंशांवर उतरतो. तेव्हा छज्जा वरचा अर्धा भाग झाकतो आणि खालून थंडीतले हवेहवेसे ऊन घरात येते. १५ मेच्या सुमारास तर मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्ही उत्तरेकडे असतो.

आता जुन्या घराची पडवी आठवा. पाच-सहा फूट रुंदीची ती पडवी पश्चिमेच्या उन्हावरचा उपायच होता. शिवाय तिचे छप्पर उतरते असे, आणि वळचणीला उभे राहायचे तर मोठ्या माणसाला वाकावे लागे. यातही भूमिती आहे. छज्जाची कड जितकी खाली आणावी तितकीच सावलीही खाली उतरते. आपल्या दोन फुटी पत्र्याची कड ३० सेंटीमीटरने खाली आणली, तर साडेचारची सावली ४० ऐवजी ७० सेंटीमीटर होईल.

पावसाचे काय? येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वाराही तेवढ्याच वेगाचा असेल, तर थेंब ४५ अंशांनी तिरपा येणार. म्हणजे दोन फुटांचा छज्जा दोनच फूट खिडकी कोरडी ठेवील. बारीक थेंब सावकाश पडतात, म्हणून ते अधिकच तिरपे येतात. बारीक झड जास्त आत शिरते ती यामुळेच.

मग पश्चिमेला सरळ सहा फुटी पत्रा टाकावा काय? थांबा, वाऱ्याचा हिशेब राहिला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा अडला, तर ढोबळ मानाने दर चौरस मीटरला ४७ किलो वजनाइतका दाब देतो. सहा फूट लांब, सहा फूट रुंद पत्र्याखाली तो शिरला, तर सुमारे १५० किलोंचा रेटा वर उचलू पाहील. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचे स्वतःचे वजन किती? फक्त १३ किलो!

माझे मत विचाराल, तर पश्चिमेला खाली झुकवलेला दोन फुटी पत्राच बसवावा. त्याच्या कडेला उन्हाळ्यात बांबूचा चिक आणि पावसाळ्यात ताडपत्री बांधावी. वादळाची सूचना आली की दोन्ही गुंडाळता येतात. चिक बाहेरच्या बाजूलाच हवा. आतला पडदा काचेतून आलेल्या उन्हाने तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर तो कमी तापेल. आणि कारागिराला बोल्ट किती लावणार व ते भिंतीत किती खोल जाणार, हे आधीच विचारून घ्या.