सोळा लाख गुलाब, लाखभर लिटर पाणी

एक किलो गुलाबतेल काढायला सुमारे 4,000 किलो फुलं लागतात. एक फूल अडीच ग्रॅमचं धरलं, तर सोळा लाख फुलं. तीही भल्या पहाटे हातांनी खुडायची, कारण ऊन चढलं की तेल उडू लागतं.

हा आकडा अत्तराच्या जाहिरातीतही सापडतो. मला जास्त हादरवतो तो पाण्याचा आणि जळणाचा हिशेब.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये तांब्याच्या देगीत फुलं आणि पाणी घालतात, झाकणाच्या फटी कापूस आणि मातीने लिंपतात, खाली लाकडं आणि गोवऱ्या पेटवतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून हौदात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथे निवते. हौदातलं पाणी तापलं, की कारागीर ते बदलतात. मेख इथेच आहे.

फुलांच्या वजनाइतकंच पाणी वाफेत गेलं असं धरू: 4,000 लिटर. एक लिटर साधं पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे 2,570 किलोज्यूल लागतात. म्हणजे एका किलो तेलामागे जवळपास 2,850 युनिट विजेइतकी उष्णता. उघड्या भट्टीतली एक तृतीयांश धग पाण्याला लागली, तर दोन टन सुकं लाकूड जळतं. आणि ही वाफ निववायला, हौदाचं पाणी वीस अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर, एक लाखाहून जास्त लिटर पाणी हवं. दुष्काळी गावात येणारे दहा हजार लिटरचे दहा टँकर!

हेच पाणी सोडून न देता फिरतं ठेवलं आणि हवेत निवू दिलं, तर हवेत उडून जातं चार हजार लिटरच्या आसपास. कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा ही बचत मला मोलाची वाटते. उरलेला चोथा वाळवून भट्टीत घालता येतो, खाली उतरलेलं गुलाबपाणी पुन्हा देगीत घालून त्यात विरघळलेला सुवास काढता येतो. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने 31 अंशांच्या थोडं वर अर्क निघतो, वाफ लागतच नाही. पण ते यंत्र छोट्या कारखानदाराच्या खिशाबाहेरचं आहे.

तेव्हा तेलाच्या बाटलीवर ‘नैसर्गिक’ असं वाचलंत, तर विक्रेत्याला विचारा: भट्टीत काय जळतं, आणि वाफ निववणारं पाणी पुढे कुठे जातं?